मॅलमची फेरी: कोव्ह, गॉर्डेल, टार्न. कुठून सुरू करावी, कुठे जपावं?

रानवाटा

यॉर्कशर डेल्समधल्या मॅलम गावासाठी वेगळा धागा काढते आहे, कारण इंग्लंडमधल्या भटकंतीच्या मोठ्या धाग्यात हे प्रश्न वाहून जातात. मे अखेरीस लीड्सहून जायचं आहे. आम्ही तिघं नेहमी चालणारे, बरोबर पुण्याहून आलेले सत्तरीतले आईबाबा. आईचे गुडघे दुखतात.

विचारायचं ते असं:
१. पूर्ण फेरी कोणत्या दिशेने घ्यावी?
२. गॉर्डेल स्कार या घळीतली चढण नक्की किती अवघड आहे?
३. आईबाबांना काय काय बघता येईल?
४. सह्याद्रीत वापरतो तेच बूट आणि पॉन्चो इथे चालतील का?

एअरकाठ

आधी फेरीचा अंदाज देतो. गावातल्या राष्ट्रीय उद्यानाच्या वाहनतळापासून निघालं की जॅनेट्स फॉस हा धबधबा साधारण २ किमी, तिथून गॉर्डेल स्कार १ किमी, मग माळावरून मॅलम टार्न हे तळं ४ किमी, टार्नकडून वॉटलोजच्या कोरड्या खोऱ्यातून कोव्ह या कड्याचा माथा अडीच किमीच्या आत, आणि कोव्हवरून उतरून गाव दीड किमी. एकूण ११ ते १२ किमी, चढ सगळा मिळून सुमारे ३०० मीटर.

वेळेचा हिशोब नेस्मिथच्या नियमाने करा: ५ किमीला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. म्हणजे नुसतं चालणं तीन तासांचं. हा नियम न थांबणाऱ्या, धडधाकट माणसासाठी आहे. फोटो, जेवण, कातळावरची सावध पावलं धरून पाच तास हाताशी ठेवा. मे-जूनमध्ये रात्री नऊनंतरही उजेड असतो, त्यामुळे घाई नाही. डिसेंबरात मात्र पावणेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. हिवाळ्यात हीच फेरी करायची तर सकाळी नऊला पाय रस्त्यावर हवेत.

दिशा: आधी जॅनेट्स फॉस, मग गॉर्डेल, टार्न, आणि शेवटी कोव्ह. गॉर्डेलचा कातळ खालून वर चढायला जमतो, वरून खाली उतरायला वाईट. उतरताना पाय कुठे टाकायचा ते दिसत नाही आणि पाण्याने गुळगुळीत झालेल्या खोबणी पावलाखाली सापडत नाहीत.

घाटवाट

एअरकाठ, दिशेबद्दल माझं मत वेगळं आहे. सुट्टीच्या दिवसांत कोव्हच्या पायऱ्यांवर अकरानंतर रांग लागते. सकाळी साडेआठ-नऊला कोव्ह गाठलं तर पायऱ्या मोकळ्या, वरचा फरसबंद कातळही मोकळा, आणि ताज्या पायांनी त्या कातळावर चालता येतं. हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण त्या कातळावर पाय मुरगळतात ते बहुतेक दमलेल्या माणसांचे.

मग परतताना गॉर्डेलमधून उतरायचंच नाही. कोव्हच्या माथ्यावरून पूर्वेला मॅलम रेक्सचा रस्ता ओलांडायचा, न्यू क्लोज नॉट्सच्या खालून जाणाऱ्या वाटेने गॉर्डेल पुलाशी उतरायचं, तिथून स्कारच्या तोंडापर्यंत जाऊन घळ खालून बघायची आणि जॅनेट्स फॉसमार्गे गाव. टार्न वगळलं तर ही फेरी ८ किमीच्या आसपास भरते. ज्यांना हाताने धरून कातळ चढायचा नाही, त्यांनी हीच घ्यावी.

एअरकाठ

हे मान्य. थोडक्यात, गॉर्डेल चढायचं असेल तर ती वाट सुरुवातीला, नाही तर कोव्ह सुरुवातीला. तो निर्णय आदल्या दोन दिवसांच्या पावसावर सोडावा, गाडीत बसून घेऊ नये.

आता गॉर्डेलच्या चढणीबद्दल. घळीच्या तोंडातून आत शिरलं की दोन्ही बाजूंचे कडे १०० मीटरच्या वर जातात आणि डोक्यावर झुकलेले असतात. उजेड एकदम कमी होतो, पाण्याचा आवाज घुमतो. समोर दोन धबधबे, एकावर एक. वरचा कातळातल्या भोकातून बाहेर पडतो. चढण आहे ती खालच्या धबधब्याच्या डाव्या हाताला, काही मीटरचीच. पकडी मोठ्या आहेत, पण हजारो बुटांनी घासून गुळगुळीत झालेल्या.

कोरड्या दिवशी: तीन आधार पक्के ठेवून चौथा हलवायचा. पाठपिशवी हलकी, काठ्या मिटून आत, दोन्ही हात मोकळे. एका वेळी एकच माणूस. वर गेल्यावर सुट्या दगडांची घसरडी चढण लागते. तिथे पुढच्याच्या पायाखालचा दगड मागच्याच्या डोक्याकडे येतो, म्हणून खालचा माणूस बाजूला थांबवावा.

ओल्या दिवशी: धबधब्याचं पाणी पकडींवरून वाहत असेल, किंवा पायथ्याचा ओढा दगडांवरून कोरड्या पायाने ओलांडता येत नसेल, तर मागे फिरा. नकाशावर तिथून वाट काढलेली दिसते. वाटेवर चालण्याचा हक्क आहे एवढंच ती रेघ सांगते, आज तिथून जाता येईल असं नाही.

चुनखडी

या फेरीत पाण्याकडे लक्ष ठेवून चाललं तर सगळा प्रदेश उलगडतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्या सह्याद्रीचा बेसॉल्ट पाणी सहसा वर धरून ठेवतो. किल्ल्यांवर कातळात कोरलेली टाकी त्यामुळेच टिकतात. मॅलमचा दगड चुनखडीचा, तेहतीस कोटी वर्षांच्या आसपासचा, उथळ उबदार समुद्रात साचलेला. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होतं आणि हा दगड विरघळवत भेगांमधून खाली जातं. त्यामुळे माळावर पाऊस भरपूर, पण ओढे मोजकेच.

मग ३७७ मीटर उंचीवर मॅलम टार्नसारखं तळं टिकलं कसं? टार्नच्या तळाशी चुनखडी नाही, जुना स्लेटचा दगड आहे आणि वर हिमनदीने पसरलेली चिकणमाती. दोन्हींतून पाणी झिरपत नाही. टार्नमधून ओढा दक्षिणेला निघतो, सुमारे अर्धा किमी वाहतो, नॉर्थ क्रेव्हन प्रस्तरभंग (खडक तुटून सरकल्याची रेघ) ओलांडून चुनखडीवर येतो आणि तिथेच गोट्यांमध्ये मुरून नाहीसा होतो. नकाशावर या जागेचं नाव वॉटर सिंक्स. रस्त्यापासून पाच मिनिटांवर आहे आणि लोक गाडीतून तशीच पुढे काढतात, याचं वाईट वाटतं. तिथे थांबून बघा: वरच्या अंगाला खळखळतं पाणी, दहा पावलं पुढे ओलसर गोटे, त्यापुढे कोरडं गवत. पाऊस जास्त झाला की पाणी मुरण्याची जागा खाली सरकते, म्हणून दर भेटीत ती वेगळी सापडते.

आता सगळ्यांना वाटतं की हेच पाणी कोव्हच्या पायथ्यातून बाहेर येत असेल. नकाशा बघून तसं वाटणं साहजिक आहे, सरळ रेषेत खाली कोव्हच आहे. पण पाण्यात रंग सोडून घेतलेल्या चाचण्यांतून दिसलं ते असं: कोव्हच्या पायथ्याचा ओढा मुख्यतः पश्चिमेकडे, जुन्या शिसे-भट्टीजवळ मुरणाऱ्या पाण्याचा आहे. टार्नचं पाणी मुख्यतः गावाच्या दक्षिणेला एअर हेडच्या झऱ्यांतून वर येतं. दोन्ही प्रवाह जमिनीखाली एकमेकांना ओलांडून जातात. पुढे मॅलम आणि गॉर्डेल हे दोन्ही ओढे मिळून एअर नदी होते, तीच लीड्समधून वाहते.

कोव्हचा कडा सुमारे ८० मीटर उंच आणि ३०० मीटर रुंद आहे. हिमयुगात जमीन खोलवर गोठलेली असल्याने भेगा बर्फाने बंद होत्या, पाणी मुरत नव्हतं. वितळलेल्या बर्फाचं पाणी वरून वाहिलं, त्याने वॉटलोजचं खोरं कापलं आणि या कड्यावरून धबधबा कोसळला. जमीन वितळली तसं पाणी खाली गेलं आणि खोरं कोरडं पडलं. ६ डिसेंबर २०१५ ला डेझमंड वादळाच्या पावसात जमिनीखालच्या वाटा तुंबल्या आणि कोव्हवरून पुन्हा धबधबा पडला. जित्या माणसांच्या आठवणीत तसं कधी झालं नव्हतं.

जॅनेट्स फॉसला याची उलटी बाजू दिसते. चुना विरघळलेलं पाणी उडालं की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि चुना शेवाळावर बसतो. त्यातून जाळीदार, ठिसूळ दगडाचा पडदा तयार झाला आहे. त्यावर चढू नका, मुलांनाही चढू देऊ नका. एका टाचेने तुटणारा तुकडा पुन्हा बनायला कित्येक वर्षं लागतात.

रानवाटा

चुनखडी, हे फार कामाचं आहे, वॉटर सिंक्स यादीत टाकलं. त्या फरसबंद कातळावर चालायचं कसं तेही कुणी सांगा. आणि आईबाबांचं?

घाटवाट

कातळ म्हणजे सपाट दगडी फरश्या आणि त्यांच्यामधल्या भेगा. भेगा कुठे वीतभर रुंद, कुठे हातभर, आणि खोली कमरेपर्यंत किंवा त्याहून जास्त. नियम साधा: पाऊल फरशीच्या मध्यावर पडलं पाहिजे, कडेवर नाही. आधी थांबा, मग बघा. चालता चालता मोबाइलमधून फोटो काढणं इथे नको. ओली फरशी साबणासारखी होते, सर्वांत महागडा तळवाही तिथे धरत नाही. काठ्या मिटवा, त्यांचं टोक भेगेत अडकतं आणि माणूस तोल जाऊन पुढे पडतो. दहा वर्षांखालच्या मुलांचा हात धरा.

कड्याला कठडा नाही. टोकाकडे कातळ गोलाकार उतरत जातो, त्यामुळे कडा नेमका कुठे संपतो ते वरून कळत नाही. टोकापासून लांबच थांबा. खाली प्रस्तरारोहक आणि फिरायला आलेली माणसं असतात, म्हणून खडाही खाली ढकलायचा नाही.

भेगांत वाकून जरूर बघा. वर मेंढ्या सगळं चरून टाकतात, पण भेगेत त्यांचं तोंड पोचत नाही. आत सावली, ओलावा आणि वाऱ्यापासून आडोसा, त्यामुळे तिथे जीभेसारख्या लांब पानाचे नेचे आणि जंगलातली झुडपं वाढतात. फरशांचा तुकडा उचलून नेणं कायद्याने गुन्हा आहे. पूर्वी बागांच्या सजावटीसाठी असे कातळ खणून विकले गेले, म्हणून १९८१ च्या वन्यजीव आणि ग्रामीण प्रदेश कायद्यात त्यांना खास संरक्षण दिलं गेलं.

रानलसूण

आईबाबांसाठी माझ्याकडून, मोठ्या चालीच्या दिवसापासून वेगळा दिवस ठेवा.

कोव्हचा पायथा: रस्त्यापासून वाट पक्की, जवळजवळ सपाट, जाऊन-येऊन दोन-अडीच किमी. अगदी शेवटी गोटे लागतात, तिथे न जाता अलीकडूनच पूर्ण कडा दिसतो. पायऱ्या मात्र टाळा. सुमारे ४०० आहेत, उंची कमीजास्त. चढताना दम लागतो एवढंच, गुडघ्यांची परीक्षा उतरताना होते.

वसंतात कोव्हच्या कड्यावर बहिरी ससाणे घरटं करतात. दुर्बीण न्या, पायथ्याशी बसून निवांत बघता येतं. आईबाबांना हा अर्धा तास सगळ्यात आवडेल असं मला वाटतं.

जॅनेट्स फॉस: मे महिन्यात रानलसणीचा बहर असतो, सगळं रान पांढरं आणि वास दुरूनच येतो. गावाकडून येणारी वाट बरीचशी सपाट, पण धबधब्यापाशी मुळं आणि ओले दगड आहेत. बाबा जमवतील, आईंना हात द्यावा लागेल. बहर मेच्या मध्यापर्यंत भरात असतो, शेवटच्या आठवड्यात उतरणीला लागलेला असू शकतो.

गॉर्डेल: गॉर्डेल पुलाजवळून स्कारच्या तोंडापर्यंत कुरणातली सपाट वाट आहे. पहिला धबधबा दिसेपर्यंत जायला चढ नाही.

टार्न: वॉटर सिंक्सजवळ गाडी लावून पाण्याकाठच्या रुंद वाटेने हवं तितकं चालावं. वारा फार लागतो, खाली गावात ऊन असलं तरी कानटोपी घ्या.

स्वच्छतागृह गावातल्या वाहनतळाशी आहे, तिथे जाऊनच निघा. खायला गावात लिस्टर आर्म्स आणि बक इन हे दोन पब आहेत, पण सुट्टीच्या दुपारी जागा मिळेलच असं नाही. दशम्या, चटणी आणि थर्मासमध्ये चहा बरोबर असला की कुणाच्या भरवशावर राहावं लागत नाही. ओढ्याचं पाणी पिऊ नका, वर सगळीकडे मेंढ्या चरतात.

नकाशा_२५०००

नकाशाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. ऑर्डनन्स सर्व्हेचा एक्सप्लोरर ओएल २ घ्या, प्रमाण १:२५,०००, म्हणजे ४ सेंमीला १ किमी. घळीत आणि वॉटलोजमध्ये मोबाइलला नेटवर्क मिळेलच असं नाही, त्यामुळे फोनवरचा नकाशा आधी उतरवून ठेवा आणि कागदी बरोबर असू द्या.

हिरव्या तुटक रेघा म्हणजे सार्वजनिक वाटा. आखूड रेघांची फक्त पायी जायची, लांब रेघांची घोडा आणि सायकललाही खुली. प्रत्यक्षात फाटकावर पिवळा बाण पायवाटेचा, निळा बाण घोडवाटेचा. पिवळसर छटा असलेला भाग म्हणजे २००० च्या कायद्याने खुला झालेला माळ, तिथे वाट सोडूनही चालता येतं. बाकी शेतात वाटेवरच राहायचं. काळ्या तुटक रेघेवर फसू नका, ती वाट जमिनीवर आहे एवढंच सांगते, हक्काबद्दल काही नाही.

या हिरव्या रेघा सहज मिळालेल्या नाहीत. २४ एप्रिल १९३२ ला शेकडो कामगार तरुण किंडर स्काउट या डोंगराच्या, लोकांना बंद असलेल्या माळावर चढले आणि त्यांतल्या पाच जणांना तुरुंगवास झाला. १९४९ मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा कायदा आला. आणि २४ एप्रिल १९६५ ला ४३१ किमीच्या पेनाइन वे या पायवाटेचं उद्घाटन झालं ते इथे, मॅलमच्या माळावर. कोव्हच्या पायऱ्या त्याच पेनाइन वेचा भाग आहेत. फाटकावर ओकच्या फळाची खूण दिसली की ती राष्ट्रीय पायवाट.

शेतांमधले गडगे चुन्या-सिमेंटाशिवाय रचलेले आहेत. त्यांवर चढलं की वरचे दगड निसटतात आणि पुढच्या पावसात भिंत ढासळते. फाटक किंवा दगडी फट शोधा, नकाशावर वाट गडग्याला भिडते तिथेच ती असते. फाटक जसं होतं तसंच ठेवा: बंद होतं तर बंद, मुद्दाम उघडं बांधलेलं असेल तर उघडंच, कारण पाण्याकडे जायची जनावरांची वाट तीच असू शकते.

घाटवाट

कपड्यांचा प्रश्न राहिला. सह्याद्रीतली सवय इथे अंगाशी येते ती पावसाच्या बाबतीत. आपल्याकडे जुलैत भिजून दिवसभर चालता येतं, कारण पाऊस उबदार असतो. टार्नच्या माळावर मे महिन्यातही ८ अंश, जोराचा वारा आणि आडवा पाऊस असं एकत्र येऊ शकतं. ओली सुती पँट वाऱ्यात अंगातली ऊब भराभर काढून घेते. थरथर सुरू झाली, बोलणं अडखळायला लागलं, माणूस अकारण चिडचिडा झाला की तो गारठतो आहे. तिथेच आडोसा धरा, कोरडे कपडे चढवा, गोड खायला द्या आणि जवळच्या रस्त्याकडे उतरा.

पॉन्चो वाऱ्यात डोक्यावर उडतो आणि पाय दिसेनासे होतात, कातळावर ते धोक्याचं. वॉटरप्रूफ जॅकेट आणि वरून चढवायची वॉटरप्रूफ पँट घ्या. आत पॉलिएस्टरचा टीशर्ट, त्यावर फ्लीस. जीन्स नको. बूट सह्याद्रीतले चालतील, पण तळव्याचे खाचे झिजलेले नकोत. बेसॉल्ट खरखरीत असतो, झिजका तळवाही त्यावर धरतो. ही चुनखडी धरत नाही.

एअरकाठ

जनावरांबद्दल दोन गोष्टी. वासरं असलेल्या गाई दिसल्या तर लांबून वळसा घाला, गाय आणि वासरू यांच्या मधून कधीच जाऊ नका. कुत्रा बरोबर असेल आणि गाई अंगावर आल्या तर त्याला सोडून द्या. त्या कुत्र्यामागे जातात, आणि कुत्रा तुमच्यापेक्षा जोरात पळतो. खुल्या माळावर १ मार्च ते ३१ जुलै कुत्रा दोरीनेच धरायचा असा कायदा आहे, जमिनीवर घरटी करणारे पक्षी आणि कोकरं यांच्यासाठी.

परतल्यावर गुडघ्यामागे, कमरेपाशी, काखेत गोचीड बघा. लागली असेल तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. तूप, मेणबत्ती, रॉकेल काही लावू नका. पुढच्या महिनाभरात तिथे पसरत जाणारा लाल चट्टा दिसला तर डॉक्टरांकडे जाऊन गोचीड चावल्याचं सांगा.

समुद्रकडा

जरा विषयांतर. लंडनकडच्यांनी चुनखडीचे कडे बघायचे तर ससेक्समध्ये सीफर्ड ते ईस्टबोर्न, सेव्हन सिस्टर्सवरून. सुमारे २२ किमी, लुइसला गाडी बदलून सीफर्डला उतरायचं. तिथला खडू मॅलमच्या दगडापेक्षा खूप मऊ आहे, कडे अधूनमधून न सांगता कोसळतात. बेल टूटचं जुनं दीपगृह १९९९ मध्ये १७ मीटर मागे सरकवावं लागलं ते त्यामुळेच. वर टोकापासून लांब आणि खाली पायथ्यापासूनही लांब राहा. बर्लिंग गॅपला किनाऱ्यावर उतरणार असाल तर भरतीची वेळ आधी बघा, पाणी चढलं की बाजूला सुटायला जागा नाही.

रानवाटा

सगळ्यांचे आभार. आईबाबांचा दिवस वेगळा ठेवते, आमची फेरी पाऊस बघून ठरवू. शेवटचा प्रश्न: गाडी न नेता जमेल का? आणि काही झालंच तर फोन कुणाला?

नकाशा_२५०००

लीड्सहून स्किप्टनला आगगाडीने पाऊण तासाच्या आसपास. पुढे मॅलमला बस आहे पण फेऱ्या मोजक्या, आणि शनिवार-रविवारचं वेळापत्रक ऋतूप्रमाणे बदलतं. आधी परतीची शेवटची बस बघा आणि त्यावरून फेरीचा वेळ ठरवा. गाडी नेलीत तर साडेनवाच्या आत पोचा, नंतर वाहनतळ भरतो. गावातल्या अरुंद रस्त्यांच्या कडेला गाडी लावली की शेतकऱ्याचा ट्रॅक्टर आणि रुग्णवाहिका दोन्ही अडकतात.

अपघात झाला तर ९९९, आधी पोलिस मागा, मग माउंटन रेस्क्यू. पथकं स्वयंसेवकांची असतात, पैसे घेत नाहीत. जागा नकाशाच्या चौकटींच्या आकड्यांत सांगा, कोव्हसाठी एसडी ८९७ ६४१. नेटवर्क कमी असेल तर ९९९ ला मजकूर पाठवता येतो, पण त्यासाठी फोनची नोंदणी आधी घरी करून ठेवावी लागते: इंग्रजीत 'रजिस्टर' असा शब्द ९९९ वर पाठवायचा आणि येणाऱ्या सूचनांप्रमाणे पुढे जायचं. शिट्टीची खूण मिनिटाला सहा फुंकर, मग एक मिनिट थांबून पुन्हा सहा. उत्तर म्हणून तीन ऐकू आल्या तरी मदत प्रत्यक्ष पोचेपर्यंत वाजवत राहा, त्या आवाजावरच ते तुमच्यापर्यंत येतात.